छंद, शिस्त आणि दिशा : पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

• पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• तरुणपणी जोपासलेल्या छंदाचे शिस्तबद्ध अभ्यासात रूपांतर कसे होते, हे स्पष्ट करता येईल.
• ‘लक्ष्य’ आणि ‘लक्षण’ या संकल्पनांच्या आधारे भातखंडे यांच्या कार्याचे स्वरूप समजून घेता येईल.
• त्यांच्या कार्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये पाहिली. एखाद्या व्यक्तीच्या जीवनातील घटना क्रमाने सांगितल्या म्हणजे चरित्र पूर्ण होत नाही. त्या घटनांना जोडणारे सूत्र चरित्रकाराला शोधावे लागते, हे तेथे सांगितले होते. प्रस्तुत घटकात त्याच दृष्टीने एका मराठी माणसाचे छोटेखानी चरित्र अभ्यासावयाचे आहे.

पं. भातखंडे यांचे नाव तुम्ही ऐकलेले असेल. हार्मोनियम किंवा गायनाच्या वर्गाला गेलेल्या प्रत्येकाने त्यांची स्वरलिपी पाहिलेली असते. मात्र संगीत हा त्यांचा कुलपरंपरागत व्यवसाय नव्हता. ते कायद्याचे पदवीधर होते आणि काही काळ वकिलीही करीत होते. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर हाती घेतलेली सतार हा त्यांचा छंद होता. या छंदाने त्यांना जीवनाची दिशा कशी दिली, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. दिवसभराच्या कामानंतर उरलेला वेळ एखाद्या आवडीच्या विषयाला देणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगावयास नको. म्हणूनच हे चरित्र वाचताना तुम्ही ते थोडे स्वतःच्या जवळ धरून वाचावे, अशी अपेक्षा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वाळकेश्वरातील बालपण

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तो जन्माष्टमीचा दिवस होता. वडील व्यवसायाने संगीतकार नव्हते. परंतु आपल्या मुलांच्या कानावर चांगले गाणे पडावे आणि त्यांना त्यातले थोडेफार यावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे शालेय शिक्षणाबरोबर घरात गाण्याचेही संस्कार झाले.

त्या काळातील सामाजिक परिस्थिती येथे ध्यानात घ्यावयास हवी. शिकलेल्या पांढरपेशा कुटुंबात भजन, कीर्तन आणि पुढे संगीत नाटक यांना स्थान होते. मैफलीतील रागदारी संगीत मात्र दरबारांच्या आणि पेशेवर गवयांच्या आश्रयाने नांदत होते. चांगल्या घरच्या मुलाने गवई व्हावे, ही कल्पना फारशी कोणाला रुचणारी नव्हती. तेव्हा तरुण विष्णूपुढे पर्याय होता तो गाण्याची आवड बाळगण्याचा. गाण्यावर चरितार्थ चालविण्याचा नव्हे. आवड आणि उपजीविका यांतील हे अंतर त्यांच्या पुढील आयुष्यात फार उपकारक ठरले, हे आपण यथावकाश पाहू.

पंधरा वर्षांचे झाल्यानंतर त्यांनी वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू केले. सतार हे वाद्य पडद्यांचे आहे. कोणता स्वर कोणत्या पडद्यावर आहे, हे त्यात डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते. कोणता राग वाजवावयाचा यानुसार काही पडदे किंचित वर किंवा खाली सरकवावे लागतात. या मांडणीलाच वादक ‘थाट’ म्हणतात. पुढे ज्या शब्दाभोवती भातखंडे यांनी आपली सारी मांडणी उभारली, तो शब्द सतारीच्या शिक्षणात असा रोजच्या वापरातला होता, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

याच सुमारास संगीतावरील जुने संस्कृत ग्रंथ वाचण्याकडेही ते वळले. एका बाजूला हातातील वाद्य आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथ, अशी त्यांच्या छंदाची दोन अंगे अगदी आरंभापासून दिसतात. त्यांना जे प्रश्न पडले, ते या दोहोंच्या मधल्या जागेतून आले. ग्रंथांत वर्णिलेले राग कानी पडणाऱ्या रागांशी जुळत नव्हते. नावे तीच होती. स्वर निराळे होते.

४.२.२ गायन उत्तेजक मंडळी

इ. स. १८८४ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, भातखंडे मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’ या संस्थेचे सभासद झाले. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः पारशी समाजातील संगीतप्रेमींची होती. सभासदांना गाणे शिकविण्यासाठी तेथे गवई नेमलेले असत आणि बाहेरून मुंबईत येणाऱ्या कलावंतांचे गाणेही तेथे होई.

या मंडळीत भातखंडे यांनी सुमारे सहा वर्षे शिक्षण घेतले. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी ध्रुपदे घेतली. अली हुसेन यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्याल घेतले. याच काळात १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवीही त्यांनी मिळविली. म्हणजे परीक्षांचा अभ्यास आणि मंडळीतील गाणे ही दोन्ही कामे एकाच काळात चालली होती.

या सहा वर्षांत त्यांच्या छंदाचे रूप कसे बदलले, हे नीट पाहा. मंडळीत येणाऱ्या बहुतेक सभासदांना गाणे ऐकून आनंद होत असे आणि तेवढ्याने त्यांचे समाधान होई. त्यात वावगे काही नाही. भातखंडे मात्र शिकलेली प्रत्येक चीज लिहून ठेवू लागले. एकच राग दोन गवयांनी दोन प्रकारे गायिला, तर फरक नेमका कोठे आहे, याची ते नोंद करू लागले. गवयांना प्रश्न विचारू लागले. या रागात हा स्वर का वर्ज्य, तो स्वर चढताना चालतो तर उतरताना का चालत नाही, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असत. अनेकदा उत्तर मिळे ते एवढेच की, गुरूने असे शिकविले. ज्याला केवळ गावयाचे आहे त्याला हे उत्तर पुरेसे असते. भातखंडे यांना ते पुरले नाही.

छंद आणि अभ्यास यांच्या सीमारेषेवरील ही जागा आहे. आवडीची गोष्ट पुन्हा पुन्हा करणे म्हणजे छंद. त्या गोष्टीची नोंद ठेवणे, नोंदींची तुलना करणे आणि तुलनेतून उभा राहणारा प्रश्न टाळता न येणे, येथे अभ्यास सुरू होतो. या टप्प्यावर बाहेरून कोणी शिस्त लादलेली नसते. शिस्त त्या विषयातूनच उगवते. कारण काल लिहिलेली चीज आज शोधून सापडली नाही, तर नुकसान आपलेच असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.
१. भातखंडे यांनी वयाच्या पंधराव्या वर्षानंतर .......... या वाद्याचे शिक्षण सुरू केले.
२. इ. स. .......... मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले.
३. मंडळीत त्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून .......... घेतली.

४.२.३ वकिली आणि उरलेला वेळ

पदवी मिळाल्यावर भातखंडे यांनी वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीसही होते. फौजदारी खटले चालविणाऱ्या वकिलाला कोणते गुण लागतात? साक्षीदाराने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी न स्वीकारता ती दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहावी लागते. कागदावरील पुरावा आणि तोंडी पुरावा यांत फरक पडला, तर कोणता ग्राह्य धरावा, हे ठरवावे लागते. प्रश्न कसा विचारावा, याला तर तेथे फारच महत्त्व. हे सारे गुण त्यांच्या संगीतविषयक लेखनात पुढे ठळकपणे उतरलेले दिसतात. व्यवसाय आणि छंद यांचे असे परस्परांना देणेघेणे असते. एकाकडून मिळालेली सवय दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

या वर्षांत संगीत हा त्यांच्या फुरसतीचाच विषय होता. मंडळीत दाखल झाल्यापासून त्यांचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत पंचवीस वर्षे गेली. एवढा काळ नोंदी, वाचन आणि श्रवण यांचा संचय चालू होता. नाव मिळत नव्हते, द्रव्यलाभाचा प्रश्नच नव्हता. छंदाविषयी बोलताना आपण सहसा उत्साहाच्या पहिल्या दिवसांचे वर्णन करतो. खरी परीक्षा या मधल्या, कोणी न पाहिलेल्या वर्षांत असते.

४.२.४ घराची वाताहत आणि निर्णय

इ. स. १९०० मध्ये भातखंडे यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये त्यांची कन्याही गेली. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाचे घर तीन वर्षांत रिकामे झाले.

यानंतर त्यांनी वकिली सोडून दिली आणि उरलेले सारे आयुष्य संगीताच्या अभ्यासाला वाहिले. चरित्रलेखनात अशा प्रसंगी एक मोह होतो. दुःखातून महान कार्य जन्मले, असे सोपे समीकरण मांडले जाते. विद्यार्थ्यांनी या समीकरणापासून सावध राहावे. दुःख अनेकांच्या वाट्याला येते. त्यातून कार्य उभे राहतेच असे नाही. भातखंडे यांच्या बाबतीत आधारासाठी हात पुढे केला, तेव्हा धरण्याजोगी वस्तू तेथे आधीपासून होती. जवळजवळ तीस वर्षांचा व्यासंग सिद्ध होता. सारे काही हरपल्यावर माणसाला नवीन छंद लागत नाही. जुना असेल तर तो हात देतो. तरुणपणी एखादी गोष्ट मनापासून शिकून ठेवण्याचे हे एक कारण आहे, आणि ते ऐन तरुणपणी कोणाच्या लक्षात येत नाही.

४.२.५ अभ्यासयात्रा

इ. स. १९०४ मध्ये भातखंडे दक्षिण भारताच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम अशा ठिकाणी जाऊन त्यांनी विद्वानांच्या भेटी घेतल्या, गाणे ऐकले, ग्रंथसंग्रह पाहिले. एट्टयपुरम येथे त्यांची गाठ सुब्बराम दीक्षित यांच्याशी पडली. दीक्षितांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा स्वरलिपीसह चीजांचा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. सतराव्या शतकातील पंडित व्यंकटमखी यांनी सांगितलेली बहात्तर मेळांची योजनाही या प्रवासात त्यांच्या पूर्ण परिचयाची झाली. कर्नाटक संगीतात राग वर्गात बसविण्याची एक निश्चित पद्धत होती आणि ती गायक-वादकांच्या व्यवहारात जिवंत होती. उत्तरेकडील संगीताला अशी पद्धत का नसावी, या प्रश्नाने त्यांच्या मनात आता ठाम रूप घेतले.

१९०७ मध्ये ते पूर्वेकडे गेले. कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन टागोर या जाणत्या संगीतशास्त्रज्ञांची त्यांनी भेट घेतली. पुढील प्रवास उत्तरेचा झाला. प्रयाग, काशी, आग्रा, मथुरा, जयपूर, बिकानेर अशी स्थळे त्यांनी पाहिली. जेथे जात तेथे दोन कामे करीत. ग्रंथालयात असलेल्या जुन्या पोथ्या तपासून त्यांच्या नकला मिळवीत आणि गवयांना भेटून चीजा व रागांची माहिती गोळा करीत. प्रवासाच्या रोजनिशा त्यांनी ठेवल्या. कोण भेटले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, हे त्यात त्यांनी नोंदविले आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. बोलीचा अभ्यासक गावोगाव जातो, बोलणाऱ्यांना भेटतो, एकाच अर्थाचे शब्द निरनिराळ्या गावांत कसे उच्चारले जातात याची नोंद करतो आणि नोंदींवरून नियम शोधतो. भातखंडे यांनी रागांच्या बाबतीत हेच केले. ध्वनिमुद्रणाची सोय नुकतीच येऊ लागली होती अशा काळात, मुख्यतः कान आणि लेखणी यांच्या बळावर त्यांनी हे क्षेत्रीय कार्य केले.

४.२.६ लक्ष्य आणि लक्षण

आपल्या व्याकरणपरंपरेत ‘लक्ष्य’ आणि ‘लक्षण’ असे दोन शब्द येतात. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष वापरातील शब्द. लक्षण म्हणजे त्या वापराचे वर्णन करणारा नियम. पतंजलींनी या दोहोंना मिळूनच व्याकरण मानले आहे. वापर बदलला आणि नियम जुनाच राहिला, तर व्याकरण निरुपयोगी होते. वापर आहे पण नियम कोणालाच सांगता येत नाही, तर शिकविणे अवघड होते.

हिंदुस्थानी संगीताची अवस्था नेमकी अशी झाली आहे, असे भातखंडे यांचे मत होते. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’सारखे ग्रंथ पूज्य होते, पण त्यांतील लक्षणे प्रचलित गाण्याला लागू पडत नव्हती. उलट, थोर गवई राग उत्तम गात होते, पण त्यांच्या गाण्याचे शास्त्र शब्दांत मांडलेले नव्हते. तेव्हा चालू लक्ष्यासाठी नवे लक्षण लिहावयास हवे, असा त्यांनी निश्चय केला. १९०९ मध्ये ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने त्यांनी जो संस्कृत ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे आहे. प्रचारात असलेले संगीत हा आपला विषय आहे, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले.

या मांडणीतील प्रमुख कल्पना दहा थाटांची आहे. सप्तकातील शुद्ध व विकृत मिळून बारा स्वर घेतले आणि त्यांतून सात-सात स्वरांचे संच केले, तर पुष्कळ संच संभवतात. व्यंकटमखींनी गणिताने बहात्तर सांगितले. भातखंडे यांनी उत्तर भारतातील प्रचलित राग सामावतील असे दहा निवडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावलाच्या स्वरांना त्यांनी शुद्ध स्वर मानले. राग-रागिणी-पुत्र अशा कौटुंबिक वर्गीकरणाच्या जागी स्वरांवर आधारलेले हे वर्गीकरण त्यांनी ठेवले.

मराठीच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’. याचे चार भाग असून पहिला १९१० मध्ये व चौथा १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ मराठीत आहे आणि त्याची रचना गुरु-शिष्य संवादाची आहे. शिष्य शंका विचारतात, गुरू समाधान करतो. पुन्हा नवी शंका निघते. तरुणपणी मंडळीत ज्याला प्रश्नांची उत्तरे मिळाली नव्हती, त्याने लिहिलेल्या ग्रंथात शिष्यांना मनमुराद प्रश्न विचारण्याची मुभा आहे. शास्त्रीय विषयावरील मराठी गद्य बोलके कसे होऊ शकते, याचा हा उत्तम नमुना होय. मतभेद असेल तेथे दोन्ही मते द्यावयाची आणि आपण कोणते व का स्वीकारले हे सांगावयाचे, असा या ग्रंथाचा शिरस्ता आहे.

४.२.७ स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके

नियम सांगून झाले, तरी उदाहरणे लागतातच. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या संग्रहात भातखंडे यांनी दीड हजाराहून अधिक चीजा स्वरलिपीसह छापल्या. ही पुस्तकेही मूळ मराठी असून नंतर हिंदीत गेली.

त्यांची स्वरलिपी देवनागरी अक्षरांवर आधारलेली आहे. स्वराक्षराखाली आडवी रेघ असली की तो स्वर कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असली की तो तीव्र. अक्षराखाली बिंदू मंद्र सप्तक दाखवितो, तर वरचा बिंदू तार सप्तक. गीतातील अक्षर लांबवावयाचे असेल तेथे अवग्रहाचे चिन्ह येते. समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना अंक. एवढ्या मोजक्या खुणांत चीजेचा सांगाडा कागदावर येतो. छपाईला सोपी आणि शिकणाऱ्याला चटकन उमजणारी अशी ही लिपी आहे. समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही स्वतःची स्वरलिपी तयार केली होती आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण सार्वजनिक केले होते. दोन विष्णूंची दोन कार्ये परस्परपूरक होती. पलुस्कर गायक होते. भातखंडे मुख्यतः संग्राहक आणि शास्त्रकार.

रागाची लक्षणे गीतातच गुंफून ‘लक्षणगीते’ रचण्याचा उपक्रमही भातखंडे यांनी केला. विद्यार्थ्याने गीत पाठ केले की नियम आपोआप पाठ व्हावा, हा त्यामागील हेतू. यांतील अनेक गीतांत ‘चतुर’ ही त्यांची मुद्रा आढळते.

४.२.८ उस्तादांची विद्या : एक प्रश्न

येथे थोडे थांबून एका अवघड प्रश्नाचा विचार करू. भातखंडे यांनी ज्या चीजा छापल्या, त्या आल्या कोठून? ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूर दरबारचे वजीरखाँ अशा अनेक गुणीजनांकडून त्यांनी विद्या मिळविली. वजीरखाँचे शिष्यत्वही त्यांनी पत्करले.

पेशेवर गवयाच्या दृष्टीने चीज ही घराण्याची ठेव होती. तीच त्याची मिळकत, तीच मुलाला द्यावयाची इस्टेट. ती छापली गेली की बाजारात कोणालाही मिळणार. त्यामुळे कित्येक गवई चीज देण्यास नाखूश असत आणि त्यांच्या नाखुशीला कारण होते. भातखंडे यांच्या दृष्टीने उलट धोका मोठा होता. गवई गेला की त्याच्याबरोबर शेकडो चीजा जाणार आणि मग त्या कोणाच्याच राहणार नाहीत.

दोन्ही बाजूंत सत्य आहे. भातखंडे यांना संगीतावर पोट भरावयाचे नव्हते, म्हणून ते विद्या खुली करू शकले; ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना तसे करणे कठीण होते. आवड आणि उपजीविका यांतील जे अंतर आरंभी सांगितले, त्याचे बळ येथे दिसते आणि त्याची दुसरी बाजूही येथेच दिसते. शास्त्र सांगता न येणाऱ्या उस्तादांविषयी भातखंडे यांनी काही ठिकाणी कठोर लिहिले आहे. प्रत्यक्ष गळ्यात असलेली विद्या हेही एक शास्त्रच असते, याचे पुरेसे श्रेय त्यांनी दिले नाही, अशी टीका अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे. ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. भाषा उत्तम बोलणाऱ्या निरक्षर आजीला व्याकरण सांगता येत नाही. पण व्याकरणकाराचे सारे भांडवल तिच्याच तोंडी असते, हे आपण विसरू नये.

४.२.९ परिषदा आणि विद्यालये

इ. स. १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्या आयोजनात भातखंडे यांचा पुढाकार होता. उत्तर भारतीय संगीताच्या इतिहासावर तेथे त्यांनी विस्तृत व्याख्यान दिले. पंडित आणि उस्ताद एका मंडपात बसून रागरूपांविषयी चर्चा करीत आहेत, ही त्या काळी नवी गोष्ट होती. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या.

१९१८ मध्ये ग्वाल्हेर येथे माधवराव शिंदे यांच्या साहाय्याने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. आज तेथील विद्यापीठ भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते कॉलेज दीर्घकाळ सांभाळले. एका माणसाच्या फुरसतीच्या वहीतील विषय आता अभ्यासक्रम झाला होता.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला. तीन वर्षे अंथरुणावर काढल्यावर १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. भातखंडे यांनी किती थाट मानले?
२. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ कोणत्या पद्धतीने रचलेला आहे?
३. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद कोठे भरली?

४.२.१० मूल्यमापन

भातखंडे यांची पद्धत सर्वमान्य झाली, तरी निर्दोष ठरली नाही. दहा थाटांत काही राग ओढूनताणून बसवावे लागतात. ललतासारख्या रागात दोन्ही मध्यम लागतात; त्यामुळे सात स्वरांच्या संचात तो सहज मावत नाही. केवळ स्वरांवरून वर्ग पाडल्यामुळे रागाची चालचलणूक मागे पडते, असाही आक्षेप आहे. छापील चीज हेच एकमेव रूप, असा शिकणाऱ्यांचा समज होण्याचा धोकाही निर्माण झाला. भातखंडे यांनी स्वतः मतभेद नोंदविले होते. परीक्षेपुरते वाचणाऱ्यांनी ते वगळले.

तथापि आज त्यांच्यावर आक्षेप घेणारा अभ्यासकही त्यांच्याच परिभाषेत बोलतो आणि त्यांनीच जतन केलेल्या चीजा उदाहरणादाखल देतो. एखाद्या शास्त्रकाराच्या कार्याची याहून वेगळी पावती कोणती असणार?

४.३ सारांश

विद्यार्थी मित्रहो, भातखंडे यांच्या चरित्रातून छंदाविषयी तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, छंदाला नोंदीची जोड मिळाली की त्याचे अभ्यासात रूपांतर होते. दुसरी, दिशा आरंभी दिसत नाही. सतार हाती घेणाऱ्या मुलाला आपण एके दिवशी संगीताचे व्याकरण लिहिणार आहोत, हे ठाऊक नव्हते. नियमित काम करीत गेल्यावर प्रश्न सापडला आणि प्रश्नाने दिशा दाखविली. तिसरी, छंद म्हणून केलेल्या कामालाही जबाबदारी असते. ज्यांच्याकडून आपण घेतो त्यांचे ऋण मान्य करणे हा त्या शिस्तीचाच भाग आहे. भातखंडे यांच्या थोरवीबरोबर त्यांची उणीवही आपण पाहिली, ती यासाठीच.

४.४ शब्दार्थ

चीज – रागात बांधलेले गीत, बंदिश.
थाट – राग वर्गीकृत करण्यासाठी मानलेला सात स्वरांचा संच. सतारीच्या पडद्यांची मांडणी.
मेळ – कर्नाटक संगीतातील थाटसदृश संकल्पना.
वर्ज्य – रागात न लागणारा (स्वर).
मुद्रा – रचनेत गुंफलेले रचनाकाराचे नाव.
अवग्रह – ‘ऽ’ हे चिन्ह.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) सतार (२) १८८४ (३) ध्रुपदे.
प्रश्न २ : (१) भातखंडे यांनी दहा थाट मानले. (२) हा ग्रंथ गुरु-शिष्य संवादाच्या पद्धतीने रचलेला आहे. (३) ही परिषद बडोदे येथे भरली.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘लक्ष्य’ व ‘लक्षण’ या संकल्पनांच्या आधारे भातखंडे यांच्या ग्रंथकार्याचे स्वरूप विशद करा.
२. गवयांची खाजगी ठेव असलेली विद्या छापून खुली करण्यासंबंधी दोन्ही बाजूंचा विचार करून स्वतःचे मत मांडा.
३. टीप लिहा : भातखंडे यांची स्वरलिपी.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या व्यक्तीला येत असलेली ओवी, भारूड, आरतीची चाल, विणकामाचा टाका किंवा बियाणे राखण्याची रीत निवडा. एक महिना दर आठवड्याला एकदा त्या व्यक्तीकडे बसून माहिती घ्या आणि तारीखवार वहीत उतरवा. दुसऱ्या कोणाकडे तीच गोष्ट निराळ्या प्रकारे आढळली, तर फरक नोंदवा. शेवटी वही त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिची दुरुस्ती व संमती घेऊनच अहवाल सादर करा.